भुंगा हवेत थांबतो तेव्हा

"मोबाइलमध्ये पंख दिसायचे नाहीत हो. नुसतं धुरकट काहीतरी येईल."

स्वरूपा दचकली. रावेतच्या सोसायटीच्या बागेत ती शंकासुराच्या फुलांपुढे उकिडवी बसली होती आणि समोर एक काळाभोर भुंगा हवेत जागच्या जागी थांबला होता. बोलणारा धम्मपाल दापोडीचा, याच सोसायटीतल्या मावशीकडे जेवायला आलेला. चाकणच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. प्रेस मशीनची भरभर हालचाल टिपणारा कॅमेरा त्याच्याच ताब्यात होता.

"तो कॅमेरा मिळेल?" तिने भीड सोडून विचारलं. भुंग्याच्या उडण्यावरचा एम.टेक.चा प्रबंध अडला होता ना!

"साहेबांना विचारतो. रविवारी रिकामाच असतो तो... आणि मीही."

रविवारी तो परवानगी, कॅमेरा आणि आईच्या उदबत्त्या घेऊन हजर. हवा कशी वळते ते धुरात दिसावं म्हणून! फेरी मारणाऱ्या कुसुमताई थबकल्या आणि भुंग्याला हात जोडून पुढे गेल्या. दोघांना हसू आवरेना.

पडद्यावर पंख सावकाश पुढे गेले, उलटले, मागे आले. पंखाच्या पुढच्या कडेवर धुराचा इवलासा भोवरा चिकटून होता.

"हा भोवरा त्याला वर ओढतो," ती म्हणाली. "पुढे उडताना समोरचा वारा मदतीला येतो. थांबायचं तर सगळं स्वतःच करावं लागतं."

"म्हणजे थांबणंच अवघड?" तो तिच्याकडे बघत म्हणाला.

हवं ते सगळं मिळालं होतं. तरी तिच्या तोंडून निघालं, "पुढच्या रविवारी पुन्हा... घेऊया?"

असे बरेच रविवार गेले. दर वेळी तो चित्रण पेनड्राइव्हवर घालून तिला देई. भोवऱ्याचं गणित चोख बसलं, तिचं स्वतःचं मात्र सुटेना. हा येतो तो भुंग्यासाठी, की—? आपलंच खूळ निघालं तर?

"उद्या कॅमेरा दुसऱ्या प्लांटला जाणार," एके दिवशी तो म्हणाला. "आज शेवटचं."

गप्प राहिली तर तो पुन्हा येणार नव्हता. बोलली तर खोटारडी ठरणार होती.

"मला पहिल्याच दिवशी सगळं मिळालं होतं," ती पुटपुटली. "नंतरचे पेनड्राइव्ह मी... उघडलेच नाहीत."

धम्मपालचे कान लाल झाले.

"बरं झालं. रिकामेच होते ते."

"रिकामे?"

"तुमच्याकडे बघता बघता बटण दाबायचं राहूनच जायचं."

तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती दोन्ही करत बसली.

"पण आता कॅमेरा नाही," तो चाचरत म्हणाला. "पुढच्या रविवारी मावशीला काय सांगून येऊ?"

"सांगा," डोळे पुसत ती म्हणाली, "स्वरूपाला भेटायला आलोय."