बी, के, टी

दिवा जरा अलीकडे सरकव. सांगते, पण मध्ये काही विचारू नकोस. मलाच सगळं कळलेलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. कलेक्टर कचेरीत मला नोकरी लागली, म्हणून शिवम्मा मावशींची पुढची खोली भाड्याने घेतली आणि हदगावहून बाबांना घेऊन आले. बाबा म्हणजे केरबा मास्तर, जन्मभर इंग्रजी शिकवलेले. अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग गेलं आणि मराठी पार पुसली गेली. पाणी म्हणता येईना, सुमन म्हणता येईना. सुटे इंग्रजी शब्द तेवढे जिभेवर राहिले. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "जीभ चालती ठेवा. ज्या दिवशी बोलणं थांबेल, त्या दिवशी..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

मग मी बाबांचाच वर्गातला खेळ काढला. तीन अक्षरं द्यायची आणि ती तिन्ही ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द समोरच्याने शोधायचा. क्रम कसाही चालतो. मी म्हणायचे, "पी, एल, टी." बाबा डोळे मिटायचे, ओठ नुसतेच हलायचे. मग, "प्लेट." बऱ्याच वेळाने, "पायलट." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. माझं नाव त्यांना घेता येत नव्हतं, पण माझ्या अक्षरांना ते उत्तर देत होते. मला बाप तेवढाच उरला होता.

टँकर भर दुपारी यायचा. कचेरीतून सुट्टीत धावत यायचं आणि घागर घेऊन रांगेत उभं राहायचं. त्या वेळी सगळे टँकरवर, गल्लीत चिटपाखरू नसायचं. गुडघे गेलेल्या शिवम्मा मावशी तेवढ्या ओट्यावर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसायच्या.

एकदा घागर कमरेवर घेऊन परत आले, तर दारातच बाबांचा आवाज ऐकू आला. "बकेट." मग शांतता. "बास्केट." मला बरं वाटलं. म्हटलं, एकटेच घोकताहेत. पुन्हा शांतता, आणि मग "ब्लँकेट."

मावशी सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "पाहुणी आली जनू तुझ्याकडं."

"कोण पाहुणी?"

"बाई हाय आत. लई हळू बोलून राहिली... मास्तर जवाब देऊन राहिलेत."

आत कोणी नव्हतं. बाबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. खोलीत वास होता. दगडावर घण बसला की जळकट वास सुटतो ना, तो. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई, नागुबाई, खडी फोडायला जायची आणि हाच वास लुगड्यात घेऊन घरी यायची. तिथेच एका दुपारी उन्हाने पडली, ती उठली नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. चुलीपुढे बसून आमचा खेळ ऐकायची. बाबा थट्टेने म्हणायचे, "आता बाईसाहेब, तुम्ही विचारा." मग ती दर वेळी तीच अक्षरं द्यायची. बी, के, टी.

मी घाबरले असं तुला वाटेल. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. मी पाणी रांजणात ओतलं, हात पुसले आणि बाबांजवळ बसून म्हटलं, "पी, एल, टी." ते वळले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पाण्याला गेले की मात्र बोलायचे. मावशी मला रोज सांगायच्या. हळूहळू मला आईचा राग यायला लागला. मेलेल्या माणसाचाही राग येतो, हे मला तेव्हा कळलं.

एक दिवस मी पाण्याला गेलेच नाही. आतून कडी लावली आणि बाजेशी बसले.

"बाबा, पी, एल, टी... बाबा, एक तरी..."

जळकट वास आला. भिंतीकडचं तोंड न फिरवता बाबा स्वच्छ मराठीत म्हणाले, "थांब गं सुमन जरा. तुझी आई बोलून राहिली."

इतक्या महिन्यांनी माझं नाव घेतलं, ते मला गप्प करायला.

त्यानंतर मी रोज घागर घेऊन निघून जायचे, आणि जाताना दार नुसतं लोटून ठेवायचे. बोलत तर होते ना. कोणाशी का असेना.

बुद्धपौर्णिमा झाली आणि बाबा गेले. हदगावची माणसं आली, वंदना झाली, माणसं परत गेली. मी बाज भिंतीला उभी करून ठेवली आणि कामावर जायला लागले. रडू आलं नाही. टँकर यायचाच, घागर भरायचीच.

एका दुपारी मी पाणी घेऊन आले, तर मावशींनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"आतून जवाब नको देत जाऊस, पोरी. चांगलं नसतं ते."

"मी टँकरवर होते, मावशी."

त्यांचा डाळीतला हात थांबला. "मास्तर विचारून राहिले व्हते... आन् आवाज तुझाच व्हता."

दुसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला आणि गल्ली रिकामी झाली. मी खोलीत कडी लावून, भिंतीला पाठ टेकून बसले. वास आला. मग उभ्या बाजेमागून बाबा बोलले. झटक्याआधी वर्गात बोलायचे तसे, ठणठणीत.

"डी, आर, एन."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"गार्डन," माझा आवाज बाजेपलीकडून आला.

"शाब्बास, सुमन," बाबा तिला म्हणाले.