तीन नंबरचा प्लग

गाडी दिसण्याआधी तिचा आवाज आला. एका जीपच्या पोटाखाली उताण्या पडलेल्या उस्तादनं तो ऐकला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "बाबा, मिसिंग मारतेय! चारातला एक सिलिंडर कामातून गेलाय!"

उस्ताद म्हणजे बाबांची एकुलती एक लेक. शाळेत असतानाच तिनं शेजाऱ्यांची बंद पडलेली स्कूटर चालू करून दाखवली, तेव्हापासून ती सगळ्या गल्लीची उस्ताद झाली ती झालीच. बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यावर गॅरेजही तिच्याकडेच आलं. बाबा आता दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा आणि सल्ले, दोन्ही गरमागरम वाटत.

ती बाहेर आली तेव्हा दारात क्रीम रंगाची एक जुनी, छोटी गाडी अंग झाडत उभी होती. आतून पांढरा कोट घातलेला एक तरुण उतरला. गाडीनं चारचौघांत त्याचा अपमान केला होता आणि तो त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"दवाखान्यात निघालो होतो," तो म्हणाला. "वाटेत हिला हुडहुडी भरली."

"डॉक्टर ना तुम्ही? मग तपासायचं की!"

"मी… दातांचा आहे."

"अस्सं? थांबा, तोंड उघडते हिचं. बघा काही जमतंय का," म्हणत तिनं बॉनेट वर केलं.

तो हसला, आणि बोलता बोलता कोटाच्या बाह्या दुमडून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. इंजिन चालूच ठेवून तिनं एकेका प्लगची वायर काढून बघायला सुरुवात केली. पहिली काढली, इंजिन अडखळलं. म्हणजे तो कामावर होता. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली… ढिम्म! आवाजात तसूभर फरक नाही.

"हा बघा," ती म्हणाली, "फुकटचा पगार खाणारा."

इंजिन निवल्यावर तिनं चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. चौघांनाही काजळी धरली होती, तिसरा तर पार काळाठिक्कर. "चांगल्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं. तुम्ही फार जवळ जवळ फिरता, डॉक्टर. इंजिन तापायच्या आत तुम्ही पोचलेले असता. काजळी जळणार कधी?"

त्यानं खिशातून चिमुकला आरसा काढला आणि वाकून एकेक प्लग असा निरखला की बाबांनासुद्धा चहाचा ठसका लागला. "आमच्यासारखंच काम आहे हो तुमचं. फक्त हे पेशंट कण्हत नाहीत."

"कण्हत नाहीत? मघाशी सगळ्या गल्लीनं ऐकलं!"

ती खळखळून हसली. आणि या भल्या माणसानं नेमकी हीच वेळ साधली. "तुमचा वरचा एक दात… डावीकडचा… जरासा पुढे आहे. कुणी कितीही सांगितलं तरी सरळ करून घेऊ नका. हसताना फार छान दिसतो."

उस्तादच्या हातात तेव्हा तिसरा नवा प्लग होता. तो सुटला, टणकन फरशीवर आपटला. तिनं उचलला, पुसला, बसवून टाकला. पाच मिनिटांनी कुणी विचारलं असतं तर तिनं शपथेवर सांगितलं असतं की काहीही पडलेलं नाही. पडलेला प्लग थेट कचऱ्यात टाकायचा, असं उठता-बसता सगळ्यांना बजावणारी ही बाई! पण कानांपर्यंत लाल झालेल्या माणसाला कसले नियम आणि कसलं काय.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा हजर. "चढावर झटके देते हो."

तिनं पुन्हा एकेक वायर काढून बघितली. चौघंही इमानेइतबारे राबत होते, आवाज लोण्यासारखा मऊ. मग तो आणखी एकदा आला. मग आणखी एकदा. तक्रार तीच, आणि गॅरेजमध्ये उभी केली की गाडी शहाण्या मुलीसारखी गुमान.

"या गाडीला आता इथंच उशी-पांघरूण देऊया," बाबा म्हणाले. "अगं, एकदा चढावर नेऊन तर बघ."

"कशाला उगाच? काही झालेलं नाहीये तिला."

कारण उस्तादचं निदान कधीच झालं होतं. प्लग नवे, वायरी धडधाकट, मग बिघाड राहिला कुठे? मालकात! या विचारानं तिला गुदगुल्या होत होत्या आणि तो खोटा ठरवायची तिला मुळीच घाई नव्हती. डोक्याला बांधायचा रुमाल ती हल्ली रोज धुवायला लागली होती. दर वेळी ती हसून म्हणायची, "गाडीला काहीही झालेलं नाही, डॉक्टर," आणि दर वेळी तो का कोण जाणे, उतरलेल्या चेहऱ्यानं परत जायचा.

मग एका संध्याकाळी तो आला तो गंभीर होऊनच.

"गाडी विकतोय मी. उद्या गिऱ्हाईक येतंय. मावशीनं हौसेनं दिली होती, पण मला काही जमत नाही. तेवढी शेवटची बघून द्या… घेणाऱ्याला फसवायला नको."

उस्ताद हात पुसता पुसता थांबली. गाडी गेली की हा माणूस या दारात कशाला येणार होता? तिला रडू यायला लागलं, म्हणून ती भडकली.

"मग इतके दिवस हेलपाटे कशाला घातलेत? झटक्यांचा बहाणा करून येत होतात, कळत नाही होय मला?"

"बहाणा?" तो गोरामोरा झाला. "अहो, खरंच देते झटके!"

"चला, दाखवा मग!"

बाबांनी कपात खूप खोल काहीतरी बघायला सुरुवात केली.

गाडी त्यानं चालवली. मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन, नाक वर करून ती शेजारी बसली. चढ अर्धा संपला असेल नसेल, गाडीनं असा एक हिसका दिला की तिचं नाक आपोआप खाली आलं. मग दुसरा. मग तिसरा.

म्हणजे खरं होतं! तो गाडीसाठीच येत होता. आणि आपण त्याच्या तोंडावर काय बोलून बसलो! धरणी दुभंगली असती तर ती पिशवीसकट आत गेली असती.

चढ संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. "निवल्याशिवाय प्लग काढता येणार नाही," ती पुटपुटली. मग दोघं एका बुटक्या कठड्यावर बसून राहिले. खाली घरांत दिवे लागत होते. वाऱ्यानं तिचा रुमाल सारखा सुटत होता आणि त्याच्या कोटाला लवंगेचा मंद वास येत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

अखेर तिनं प्लग काढले. तिसऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र चिनीमातीवर केसाएवढी एक चीर. आपटल्याशिवाय अशी चीर जात नाही… आणि तिच्या कानात ते टणकन एकदम वाजलं.

गप्प बसली असती तरी त्याला जन्मात कळलं नसतं. पण कामातली लबाडी तिला कधी जमली नव्हती.

"डॉक्टर, चूक माझी आहे. तुम्ही त्या दिवशी दाताचं बोललात आणि हा माझ्या हातातून पडला. तसाच बसवला मी. चीर असली की उभ्या गाडीत चालून जातं, चढावर जोर लागला की ठिणगी चिरेतून पळते." तिनं प्लग त्याच्या हातावर ठेवला. "आजवर कुणाच्या बोलण्यानं माझ्या हातातून साधा नटसुद्धा पडला नव्हता. तुम्ही आवडता मला. झालं! आता विका गाडी, नाहीतर काहीही करा."

त्यानं त्या चिरेवरून बोट फिरवलं. "उस्ताद… बहाणा नव्हता म्हणालो, ते अर्धंच खरं आहे."

"म्हणजे?"

"माझं घर बाजाराच्या मागं. दवाखाना बाजारात. वाटेत चढ लागतो का एक तरी?"

तिनं मनातल्या मनात सगळा रस्ता फिरून बघितला. सपाट! "मग इकडे चढावर कशाला यायचात?"

"झटके देते का बघायला. दिले की खूश! सरळ तुमच्याकडे. नाही दिले, तर खाली जाऊन पुन्हा चढायचो."

"आणि विकायला निघालात ते?"

"दर वेळी म्हणायचात, काही झालेलं नाही. मला वाटलं, कंटाळलात मला."

"हसून म्हणत होते की हो!"

"हो, पण मी तेव्हा हसण्यासारखाच दिसत असणार ना!"

आता मात्र तिला हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसत तिनं बाकीचे तिन्ही प्लग परत बसवले, पिशवीतून नवा काढला आणि ती पुन्हा इंजिनावर वाकली. मागं त्यानं घसा खाकरला.

"एक विचारू?"

"थांबा!" तिनं प्लग दोन्ही हातांनी घट्ट धरला. "हा बसेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. आणि इकडे बघायचंही नाही."

तो आज्ञाधारकपणे दिव्यांकडे तोंड करून उभा राहिला. तिनं प्लग आधी हातानं फिरवला, मग पान्यानं आवळला. वायर दाबून बसवली. बॉनेट लावलं, हात पुसले, रुमाल नीट बांधला.

"हं," ती म्हणाली, "आता विचारा."