इंजन कुणाच्या दिवशी उघडायचं

"आवं, थांबा थांबा! पाटात पाय घालाल—"

म्हणेपर्यंत त्यानं घातलाच. पायातल्या चकचकीत बुटासकट. उसाच्या सरीला मी नुकतंच पाणी सोडलं होतं, पाट तुडुंब चालला होता, आणि हा गृहस्थ एका खांद्यावर सायकल आणि काखेत लाकडी पेटी अशा थाटात बांधावरून येत होता. पेटी तेवढी त्यानं चट्‌दिशी डोक्यावर धरली. बाकी सगळा गुडघ्यापर्यंत चिखलात.

मला हसू आवरेना.

"हसा, हसा," तो म्हणाला. "बूट भिजला तर वाळंल. पेटी भिजली असती तर कंपनीनं मलाच वाळत घातलं असतं."

"काय हाय एवढं पेटीत? सोनं?"

"लगाम हाय. तुमच्या इंजनाचा."

"इंजनाला लगाम? ते काय घोडं हाय?"

"घोडं बरं. ते निदान हाक मारली तर ऐकतं." आणि माझ्याकडं बघून असा काही हसला, की मी खाली मान घालून उगाच खोरं धुवायला लागले.

तर असा सयाजी भेटला. गाव रहिमतपूर, सांगलीतल्या एका इंजनाच्या कंपनीत फिटर. सहासष्ट साल, उन्हाळा नुकता तापायला लागलेला. आणि मी विजयमाला, कुंडलच्या शिवारात पदर खोचून उभी, केसांत माती, हाताला चिखल. प्रेमात पडायचं हे काय रूप झालं? पण पडले खरी.

आमची विहीर चौघांची. वाटणीत जमीन फुटते, विहीर कशी फोडणार? मग तिच्यावरचं इंजनही सामाईक. आणि सामाईक म्हटलं की वार आले. ज्याचा वार त्याचं पाणी. आप्पासाहेब चुलत्यांचा वाटा मोठा म्हणून त्यांचे वार जास्त. सोमवार-मंगळवार आमचे. एक कोंडीबाकाकांचा, एक चंद्राकाकूचा. दिवस उगवला की वार बदलायचा. दुसऱ्याच्या वारात बादलीभर पाणी ओढलं तरी चौघांच्या तोंडून चौदा पिढ्या बाहेर निघायच्या.

सयाजीचं काम साधं होतं. इंजनाचा वेग आवरून धरणारा एक भाग असतो, गव्हर्नर म्हणतात त्याला. आमच्या इंजनासारख्या सगळ्या इंजनांत त्याची स्प्रिंग कच्ची निघाली होती. अजून कुठं काही झालं नव्हतं, पण एखाद्या दिवशी इंजन बेफाम पळेल अशी कंपनीला धास्ती होती. म्हणून नवा, सुधारलेला भाग फुकट बसवून मिळणार होता. अट एकच. इंजन दिवसभर बंद ठेवायचं. थंड होऊ द्यायचं, उघडायचं, नवा भाग घालायचा, चालवून बघायचं, पुन्हा जुळवायचं.

आता बोला, कुणाच्या वारी?

"झकास चाललंय की," आप्पासाहेब म्हणाले. "चालत्या इंजनाचं पोट कशाला फाडतोस रं?"

"माझा एकच वार हाय बाबा. चंद्रावैनीला विचार," कोंडीबाकाका.

"मीच गरीब बाई घावली व्हय रं तुला? मोठ्या वाट्यावाल्याकडं जा!" चंद्राकाकू.

आणि आमचा कृष्णातदादा? "आदी आप्पानं द्यावा. मग बघू."

सयाजी परत गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. मला मेलीला ते बरंच वाटायचं. बांधावर सायकल दिसली की माझं खोरं सरीत चालायचं आणि डोळे भलतीकडं.

"आज कुणी हाकललं?" मी विचारायची.

"आज काकूनं. आता तुमी तेवढं हाकला, म्हंजे फेरा पुरा हुईल."

"मी कशाला हाकलू? मी तर—"

हातातल्या खोऱ्यानं चांगला बांध फोडला, पाणी भलत्याच सरीत गेलं.

"मी तर... काय?" तो खाली बसून दोन्ही हातांनी माती लोटत होता, माझा फुटलेला बांध बुजवत होता, आणि वर बघत होता.

"मी तर पाणी बघतेय. व्हा बाजूला!"

एकदा जांभळीखाली मी त्याला खरंच विचारलं, "खरं सांगा. न्हाई बदललं तर काय हुतंय?"

"कदाचित काईच न्हाई. वर्सानुवर्सं काई न्हाई."

"मग कशाला जिवाचा आटापिटा?"

"मग एक दिवस हुतंय. आन त्या दिवशी इंजनापाशी कोण उभं असंल, मला काय ठावं? तुमी असाल." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आन दुसरं बी एक हाय. ह्या भागातली सगळी इंजनं झाली. तुमचंच राह्यलंय. हे झालं की मला कायम करणार हायत. कायम झालो की..."

"की?"

"की तुमच्या दादाकडं येईन. पेटी न घेता."

घरी जाताना मी वाटभर हसत गेले. येणारे-जाणारे बघत असतील, बघेनात.

दादाच्या कानावर घातलं. दादा वाईट नव्हता हो. बाप गेल्यापासून आईला आणि मला त्यानंच सांभाळलं होतं. त्यानं सयाजीची चौकशी केली आणि म्हणाला, "पोरगं बरं हाय. पन कायम हू दे. कायम झालं की त्याच आठवड्यात सुपारी फोडू."

मी उडालेच. "मग दे की आपला सोमवार! आपल्या वारी बसवू दे!"

दादाचं तोंड उतरलं. "आपला ऊस वाळवून? आन आप्पा गावभर सांगत फिरणार, कृष्णाताला कसा गंडवला म्हणून? आदी त्यानं द्यावा."

"दादा, माझ्या लग्नाचा प्रश्न हाय."

"लगीन काय पळून चाललंय व्हय? ऊस वाळतोय."

त्या दिवशी मी भाकरी अशा थापल्या की शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, काय फोडतेस गं?

शेवटी सयाजीनंच वाट काढली. वार बदलताना इंजन थोडा वेळ बंदच असतं. जुना गडी जातो, नवा येतो, पाटाची तोंडं फिरवतो. "दिवस देत न्हाईत, तर तुकडं पाडून घेतो," तो म्हणाला. "सकाळच्या त्या वेळात थोडं थोडं करतो."

"असं चालतं?"

"चालत न्हाई. गरम इंजनात हात घालूच न्हाई. पन न्हाई केलं तर मी ह्याच बांधावर म्हातारा हुईन, आन तू बी." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. माझे कान तापले. मग नको कशाला म्हणतेय मी?

दादाला त्यानं रीतसर विचारलं. सोमवारी सकाळी जरा उशिरानं सुरू करा, एवढंच. दादा म्हणाला, "जरा चालंल. पन जराच."

आणि त्या सोमवारी आप्पासाहेबांनी नेहमीप्रमाणं आमच्या वारात हात मारला. दिवस उगवला तरी त्यांचं इंजन चालूच. बंद केलं तेव्हा दिवस चांगला कासराभर वर आला होता. सयाजी बिचारा बाहेर बसून होता, त्याचा हातच उशिरा आत गेला. सयाजीचं काम अजून चाललंय हे दादाला काय ठाऊक? तो घरून निघाला तोच धुसफुसत. वर आलेला दिवस बघितला, आप्पांनी पाणी लांबवलेलं बघितलं, आणि डोकं फिरलं त्याचं.

मी चहाची किटली घेऊन बांधावरून येत होते. समोर इंजनघराच्या दाराशी सायकल उभी. दादा ताडताड आत शिरताना दिसला. सयाजी पलीकडच्या बाजूला, चाकाच्या आड बसलेला असणार, हे मला माहीत होतं. दादाला नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं...

दादानं हँडल मारलं. एकच फेरा.

तो आवाज मी सांगणार नाही. माणसाचा होता, एवढंच.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. बैलगाडी, मग ट्रक, मग सांगलीचा दवाखाना. दादा सगळा वेळ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच वाक्य घोकत होता, "सायकल दिसली रं... पन मला वाटलं, तू विजीसंगं बोलत असशील..." विजी म्हणजे मी. आमचं बोलणं साऱ्या शिवाराला माहीत होतं ना. त्या बोलण्याचा असाही उपयोग झाला.

स्पॅनर धरता येईना तो फिटर कसला? कंपनीनं दुसरा माणूस घेतला. कायम व्हायचं नावच निघालं नाही. दादा दर दोन दिवसांनी दवाखान्यात जायचा, फळं न्यायचा, दूध न्यायचा. मला वाटलं, आता तर दादाच हात जोडून मला देईल.

"न्हाई," तो म्हणाला.

"का? कायम न्हाई म्हणून? त्येची बोटं कुणी घेतली, दादा?"

बोलले आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. पण दादा चिडला नाही. खाटेवर बसला, दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकून.

"म्हणूनच न्हाई म्हणतोय," तो म्हणाला. "सणावाराला जावई म्हणून पंगतीला बसंल. डाव्या हातानं घास घील. मी समोर बसून जेवू कसा, विजे? सांग की. कसा जेवू?"

मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो रडत होता, आणि बाप गेला तेव्हाही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. माणसाला धड रागावूही देत नाहीत ही आपली माणसं.

मग मी एकटीच सांगलीला गेले. आईला खोटं सांगितलं, चोळीचं कापड आणायचं म्हणून. सयाजी शेवटची पट्टी सोडवून एसटी स्टँडवर रहिमतपूरच्या गाडीची वाट बघत होता. हात शर्टाच्या बाहीत ओढून घेतलेला.

"मी आलेय," मी म्हणाले.

"दिसतंय."

"परत जायला न्हाई आले."

त्यानं बघितलं माझ्याकडं. तेच डोळे, पण हसणं कुठं गेलं कोण जाणे. "विजे, दादा दवाखान्यात येऊन माझ्या पायाशी बसायचा. तुझ्या आईनं पुरणपोळ्या धाडल्या. आप्पासाहेबांनी धोतरजोडी धाडली. काकूनं तूप. आन आता तू. सगळं भरपाईत चाललंय."

"मी भरपाई हाय? कुणी धाडली मला? माझी मी आलेय!"

"तुला ठावं हाय ते. मला बी ठावं हाय. पन रोज सकाळी तू माझ्या शर्टाची बटणं लावशील ना, तवा मला कळायचं न्हाई, की तू माया करतीस का फेडतीस." त्यानं बाही आणखी खाली ओढली. "आदी मी न मागता तू माझी व्हतीस. आता मागितलं तर चौघं मिळून देतील. तसं नको मला."

"सयाजी, मी तुमच्यावर... मी त्या पाटातल्या दिवसापास्नं—"

"बोलू नको. बोललीस तर मला जाता येणार न्हाई."

मग मी बोलले नाही. इतकी तोंडाळ मी, सगळ्या भावकीला पुरून उरणारी, आणि नको त्या वेळी गप्प बसले. गाडी आली. तो चढला. खिडकीशी बसला नाही, पलीकडं बसला. माझ्या जिवाची काय माती झाली ते त्या स्टँडवरच्या गर्दीत कुणाला दिसलं नाही.

पावसाच्या आधी दुसरा फिटर आला. त्याला दिवस मागावा लागला नाही. आप्पासाहेब म्हणाले, आमचा दिवस घ्या. कोंडीबाकाका म्हणाले, आमचा घ्या. काकू तर हट्टालाच पेटली. शेवटी दादानं कुणाचं ऐकलं नाही, आमचा सोमवार दिला. आदल्या रात्रीपासून इंजन थंड केलेलं, चारी घरांची माणसं हाताखाली, कुणी रॉकेल देतंय, कुणी चिंधी. दुपारच्या आतच काम उरकलं.

फिटर हात पुसत मला म्हणाला, "एवढंसं काम हाय. मग इतकं दिवस का अडलं व्हतं?"

आप्पासाहेब आभाळाकडं बघायला लागले. कोंडीबाकाका, काकू, सगळे जिथल्या तिथं. दादा खाली मातीकडं.

"दिवस मिळत नव्हता," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, आत कुणी नाही ना ते वाकून बघितलं आणि हँडल मारलं. इंजन एका सुरात चालायला लागलं. राहिलेल्या अर्ध्या दिवसाचं पाणी आमच्या उसाला गेलं.