मोरूचा भारा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण जिच्यावर हे बेतलं तिच्याच तोंडून मी ऐकलंय. साल १९९२, मार्गशीर्षातली तिन्हीसांज. जागा, निडीहून रोह्याकडे जाताना लागणारं एका मालकाचं खळं.

पुतळी तिथे रोजावर भात झोडायला जायची. तिचा बाप मोरू त्याच मालकाचा लग्नगडी. लग्नासाठी उचल घेतली आणि जन्मभर राबून फेडत राहिला. मग वेठ बंद करणारा कायदा आला. साहेब वाडीवर येऊन सांगून गेले, तू सुटलास. मालकही म्हणाला, जा की, कोणी बांधलंय? पण जाणार कुठे? ना जमीन, ना हक्काचं छप्पर. दुसऱ्या सकाळी मोरू मुकाट कामावर हजर. शेवटी पेंढ्याचा भारा डोक्यावर असतानाच तो कोसळला आणि गेला.

त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

त्या दिवशी बाकीच्या बाया निघून गेल्या. पुतळी एकटीच मागे राहून सांडलेले दाणे झाडून घेत होती.

गोठ्यातली गुरं रवंथ करायची थांबली.

मग... पेंढा घासल्याचा आवाज.

सर्रर्र... सर्रर्र...

कोणीतरी भारा घेऊन येत होतं. मान वाकलेली. एक पाय ओढत.

बा!

एवढ्या थंडीत पुतळीला दरदरून घाम फुटला. तो अगदी जवळ आला. भाऱ्याखाली चेहरा दिसत नव्हता, नुसती धाप ऐकू येत होती... मेलेल्या माणसाची धाप.

भीती होतीच, पण बापाची वाकलेली मान तिला बघवेना. मेल्यावरही सुटका नाही? म्हाताऱ्याच्या डोक्यावर ओझं दिसलं की वाडीतली कुठलीही पोर करते तेच तिने केलं. हात पुढे केले.

"दे, बा. तू जा घरला."

भारा तिच्या डोक्यावर आला तशी मोरूने मान सरळ केली. हयातीत कधी केली नव्हती तशी. मागे न बघता तो नदीच्या अंगाने चालू लागला आणि... दिसेनासा झाला.

पुतळीने भारा खाली टाकायला हात वर नेले.

हाताला काहीच लागलं नाही.

वजन मात्र होतं.

वाडीतल्या म्हाताऱ्या सीताबाईने ऐकून कपाळाला हात लावला. "काय केलंस गो? घरचं दुसरं माणूस उभं केल्याबिगर गडी सुटत नाय."

पुतळीने खळं सोडलं. पेणच्या वीटभट्टीवर गेली, कोलाडला खानावळीत भांडी घासली. भगत झाले, डॉक्टर झाले. तिन्हीसांज झाली की मान वाकायचीच. स्वतःचं तिला काही वाटत नव्हतं. जीव अडकला होता तो लेकीत. स्वप्नाली गुणाची पोर, कोणाच्याही डोक्यावरचा हंडा उतरवून घेणारी.

मरताना पुतळीने तिचा हात घट्ट धरला होता.

"मी परत दिसले तर वळख देव नको. कितीबी वाकलेली दिसले, तरी माझं वझं घेव नको."

स्वप्नाली आता रोह्याच्या एका कंपनीत साफसफाईला जाते, कंत्राटदाराकडून. परवा तिला विचारलं, आई दिसली का गो कधी?

ती खाली बघत मान चोळत राहिली.