धारोष्ण दुधातलं पाणी

"पाणी!" मापारीकाकांनी दुधात सोडलेली काचेची नळी बाहेर काढून झटकली. "बघा, पार खोल गेली. आज सलग तिसरा दिवस! उद्याही असंच निघालं, तर तुमचं दूध या केंद्रावर कायमचं बंद!"

रांगेत कुणी हसलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं. आत्याने किटलीला झाकण लावलं आणि मुकाट्याने घरची वाट धरली. मागून तिचा मुलगा ढब्बू आणि सुट्टीला आलेली दोन भाचरं, दुर्बीण आणि शेंडेफळ, खाली मान घालून निघाली.

दुर्बिणीची मान सगळ्यांत खाली होती. तीन वर्षांनी गावी येताना तिने शाळेच्या उपक्रमासाठी एक वही आणली होती, 'गावातल्या शंभर बारीक गोष्टी'. गोठ्याच्या दाराला बिजागरीऐवजी चपलेचा पट्टा. लंगड्या कोंबडीचा सगळ्या अंगणावर दरारा. काही काही सुटलं नव्हतं. दूध पहिल्यांदा परत आलं त्या दिवशी रांगेतल्या बायकांनी कौतुकाने विचारलं, "काय गं लिहितेस?" झालं! बाईसाहेबांनी ऐटीत वाचलं, "सतरा. आत्या दुधाच्या किटलीत पाणी ओतते."

वाक्य खोटं नव्हतं. 'विसळते आणि ओतून देते' एवढं लिहायचा तिने कंटाळा केला होता!

"आत्याला सांगून टाक ना," शेंडेफळ म्हणाला.

"तिने ऐकलंय रे ते. एका शब्दाने बोलली नाही मला. उलट सकाळी भाकरीवर जास्तीचं लोणी घातलं!"

"मग रडतेस काय?"

"म्हणूनच!"

"रडारड नंतर," ढब्बू म्हणाला. "आधी दूध पातळ का होतं ते शोधू. किटली तर मीच आणतो, पोटाशी धरून, पळत. पोट भाजतं माझं!"

दुर्बीण थबकली. "भाजतं? बाकीच्यांच्या किटल्या तर गार असतात! मळ्यावरून येणारे ओलं फडकं गुंडाळतात, मी लिहिलंय. आम्ही यायच्या आधी आत्या कितवी असायची रांगेत?"

"शेवटची. सावकाश यायची. पहिला नंबर लावायची हौस तुमची!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दुर्बीण मागे फिरून केंद्राच्या खिडकीकडे धावली. भिंतीवर कॅलेंडर, आणि कॅलेंडरखालून डोकावणारा तक्ता: 'दुधाचे तापमान आधी पाहावे. धारोष्ण दूध गार करूनच तपासावे.' तापमापी मात्र काकांच्या हातात होती. ते तिने पाठ खाजवत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी ढब्बू धापा टाकत पहिला हजर. आज हातात वेगळीच किटली होती. काकांनी न बघता नळी सोडली.

"पाणी! भरपूर पाणी! कुणाचं हे?"

"तुमचंच, काका! आत्ताच काकूंनी तुमच्या गाईची धार काढून दिली," ढब्बू म्हणाला.

आता मात्र रांग खदखदून हसली! केंद्राचे चेअरमन आजोबा खुर्चीतून उठले. शेंडेफळाने तीच किटली केंद्राच्या हौदातल्या गार पाण्यात उभी केली. शेजारी मागून पोचलेल्या आत्याची. अर्ध्या तासाने काकांनी नळी सोडली. दोन्ही दुधांत ती ऐटीत वर तरंगली.

"गरम दूध पातळ पडतं, म्हणून नळी खोल जाते," दुर्बीण म्हणाली. "तुमच्या तक्त्यावर लिहिलंय, काका. कॅलेंडरखाली."

काकांनी तापमापी हळूच पाठीमागे लपवली.

"शाब्बास!" चेअरमन आजोबांनी हात उंचावला. "या पोरीची नजर बघा!"

"नको आजोबा." ती मागे सरकली. तिने बाहीने डोळे पुसले. "आत्या पाणी ओतते असं याच रांगेत वाचलं ते मीच. ती किटली विसळत होती. आणि गरम दूध पळवत आणलं तेही आम्हीच. शाबासकी द्यायची तर या दोघांना द्या. आत्या, चुकले मी."

आत्याने आधी तिला नीट न्याहाळलं, मग आजोबांना.

"द्या हो तिलाही," ती म्हणाली. "पण हळू थोपटा. जोरात हात पडला, तर सगळं पाणी आत्ताच बाहेर येईल."