चंद्रभानच्या घराचा नकाशा

मी शेवटचं तेवढं पाह्यलं पोरंहो, बाकीचं चंद्रभाननं सांगितलं. आम्ही दोघं बत्तीस वर्षं एकाच ऑफिसात होतो. रिटायर झाल्यावर त्यानं कुही रोडच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं. नकाशासाठी सीताबर्डीत अदिती नावाच्या आर्किटेक्ट पोरीकडे गेला. ती म्हणाली, काका, माझ्याशी घरातलं एकच माणूस बोलू द्या, नाही तर घोळ होतो. त्यानं बायकोचा नंबर देला. त्याले काय कळते घरातलं?

गोपिकावहिनी लय खूश होती. ओटा कुठं पाहिजे, पोराले, ऋषीले, लग्नानंतर कोणती खोली, सारं तिनं फोनवर सांगितलं.

मागच्या वर्षी सोळा नोव्हेंबर, रविवार. रात्रीचे आठ वाजले होते. मोबाइलवर दुसरा नकाशा आला. त्यात ऋषीची खोलीच नव्हती. चंद्रभाननं अदितीले फोन लावला.

"काकूंनीच काढायला सांगितली," ती म्हणाली. "काल फोन आला होता. म्हणाल्या, ऋषी नाही राहणार."

वहिनी समोरच वांगे चिरून राहिली होती.

"काहून सांगितलं वं असं?"

तिनं फोन केलाच नव्हता. त्यानं तिचा मोबाइल पाह्यला. कालचा एकही फोन नाही. कोणी तरी मस्करी करून राहिलं, असं तो अदितीले सांगत होता, तर ती मधातच थांबली.

"काका, एक मिनिट... दुसऱ्या फोनवर काकूच आहेत."

वहिनीचा हात थांबला. फोन स्पीकरवर होता, तिनं सारं ऐकलं होतं.

"काय म्हणते ती?" चंद्रभाननं विचारलं.

अदितीनं त्या दुसऱ्या फोनवर विचारलं, मंग परत याच्याशी बोलली.

"म्हणतात... स्वयंपाकघरपण नको."

चंद्रभाननं दुसऱ्याच दिवशी नकाशाचं काम बंद करायले लावलं. ऋषीच्या गाडीची चाबी लपवून ठेवली. डिसेंबरात पोरगा मित्राच्या गाडीवर मागं बसून निघाला. सावनेर रोडवर ट्रक आला. मित्र वाचला.

मंग वहिनीनं अन्न सोडलं. ताट समोर नेलं का तोंड फिरवे. डॉक्टर झाले, सलाइन झाल्या. संक्रांत नाही पाह्यली तिनं.

फेब्रुवारीत चंद्रभान मले म्हणाला, प्लॉट विकून टाकतो गा, चाल माझ्यासंगं. सकाळी सकाळी गेलो. फाटकाचं कुलूप त्यानंच उघडलं. तिथं कधी मजूर लागला नव्हता, एक कुदळ पडली नव्हती.

मधात चुन्याची आखणी होती. एकाच खोलीची. मी बोट लावलं.

चुना ओला होता.

आखणीत मिस्त्री दारासाठी जागा सोडते. मी चारही बाजूनं फिरलो. चंद्रभान तिथंच उभा होता.

रेघ कुठंच तुटली नव्हती.