बारा नंबरचा कॅमेरा

अवधूत माझा मावसभाऊ. त्याला साधी थाप मारता येत नाही, म्हणूनच हे लिहितोय. पटलं नाही तर सोडून द्या.

८ मार्च २०२४. शुक्रवार, भर दुपार. दोहा, अल हिलाल.

बायको नुपूर लेकीला घेऊन पुण्याला गेल्यापासून अवधूत एकटाच. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, फ्लॅट खायला उठायचा. म्हणून त्याने एक काम मागून घेतलं होतं.

तिलारीच्या जंगलात संशोधकांनी कॅमेरे लावले होते. समोर काही हललं की फोटो निघायचा आणि थेट त्याच्या लॅपटॉपवर यायचा. प्राणी असला तर नाव लिहायचं. माणूस असला तर डिलीट. नियमच तसा.

सगळे वाट बघत होते पिसोरीची. सशाएवढं, लाजाळू हरीण.

दिसायचा मात्र रामेश्वर, कॅमेरे सांभाळणारा. कॅमेरा चालू आहे ना, हे तपासायला समोर येऊन हात हलवायचा. अवधूतला तेवढीच सोबत.

त्या दुपारी बारा नंबरमधून रामेश्वरचे एकोणीस फोटो आले.

खाली बसलेला. हात हलवत.

याला आज काम दिसत नाही, असं म्हणून अवधूत हसला. सगळे डिलीट केले. जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पप्रमुख मालविकाचा फोन आला. रामेश्वर गेला. कड्यावरून पडून पाय मोडला होता, रक्त वाहत राहिलं. बारा नंबरसमोरच सापडला.

"कुणाला काही कळलंच नाही," ती म्हणाली.

डिलीट केलेल्या फोटोंचं अवधूतने तिला सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी, त्याच वेळी... बारा नंबरचा फोटो आला.

रिकामा.

फक्त गवत... कुणीतरी बसल्यासारखं दबलेलं.

नवव्या फोटोत पिसोरी होती. मान वर करून... त्या रिकाम्या जागेकडे बघत.

एकोणिसाव्यानंतर फोटो थांबले.

काढून नेलेला बारा नंबर परत कुणी लावला, असं त्याने मालविकाला विचारलं.

"कुणीच नाही. तो माझ्या कपाटात आहे. बॅटरीसुद्धा काढलीय."

पिसोरीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी एकोणीस फोटो येतात. दबलेलं गवत दर वेळी थोडं जवळ सरकतं. परवाच्या फोटोत गवत दिसलंच नाही...

कॅमेऱ्याच्या काचेवर श्वासाची वाफ होती.

मी त्याला म्हटलं, बस झालं, सोड ते काम. पुण्याला ये, नुपूर वाट बघतेय.



"येईन रे. पण शुक्रवारी त्याच्याकडे कोण बघणार?"